जुनी जीप खडखडते? आधी रबर बुश पाहा

नातेपुते - शेतरस्त्यावर जुनी जीप खडखडू लागली, की दोष बहुधा शॉकअब्सॉर्बरवर ढकलला जातो. चासी आणि बॉडी यांच्यामधील रबर बुशांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. उष्णतेमुळे हे रबर कडक होऊन तडकते. मग लोखंडावर लोखंड आदळते, दरवाजे नीट लागत नाहीत आणि बोल्टची भोके मोठी होतात. तेथून पुढचा खर्च वेल्डिंगचा.

गंजलेले बोल्ट खोलण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजू द्यावेत. एका बाजूचे बोल्ट काढावेत, दुसऱ्या बाजूचे केवळ सैल करावेत. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून बॉडी रबर निघण्यापुरतीच उचलावी. त्या वेळी स्टिअरिंग आणि रेडिएटरच्या पाइपवर ताण येत नाही ना, हे पाहावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर फटीत हात घालणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. फटीत लाकूड हवेच.

एकच बुश बदलण्याची काटकसर अंगलट येते. नवे रबर उंच, बाकीची दबलेली. परिणामी बॉडी तिरकी बसते. म्हणून पूर्ण संच बदलावा. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकतात, पण हादरे जास्त जाणवतात. सर्व बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा तपासावेत.