घरच्या बिअरचा सल्ला कसा पारखावा?

अमेरिकेत घरी बिअर करायला 1978च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली. मिसिसिपी आणि अलाबामा मात्र 2013पर्यंत अडून बसले होते. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं आजही गुन्हा आहे.) अमेरिकेतल्या हौशी लोकांनी एकमेकांना दिलेला सल्ला बराचसा उपयोगी आहे. पण काही समजुती केवळ सगळे सांगतात म्हणून टिकून आहेत.

‘बुडबुडे थांबले की बिअर तयार.’ हा सल्ला घातक आहे. झाकण जरा सैल असलं तरी वायू बाजूने निसटतो आणि एअरलॉक, म्हणजे वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी झाकणावरची नळी, गप्प राहतो. उलट आंबणं संपल्यावरही खोली तापली की विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात. खरं काय ते द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीला 1.050 असलेला आकडा उतरत उतरत, समजा, 1.012वर आला आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजल्यावरही हललेला नसेल, तरच बाटल्या भराव्यात. साखर शिल्लक असताना बूच मारलं तर आत दाब वाढून बाटली फुटते, काचा उडतात.

‘आठवड्याने बिअर दुसऱ्या भांड्यात ओतलीच पाहिजे, नाहीतर तळाचं मेलेलं यीस्ट चव बिघडवतं.’ मोठ्या कारखान्यांत या भीतीला आधार आहे, कारण उंच टाक्यांच्या तळाशी यीस्टवर दाब आणि उष्णता दोन्ही असतात. एकोणीस लिटरच्या बादलीत तसं काही नसतं. ओतताना हवा आणि जंतू शिरण्याचा धोका मात्र नक्की असतो. जॉन पामर यांच्या ‘हाऊ टू ब्रू’मध्ये आधी हाच सल्ला होता, पुढे त्यांनी नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरसाठी तो मागे घेतला. मत बदललं आणि का बदललं तेही सांगणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो. सल्ला किती लिटरसाठी, कोणत्या तापमानाला, कोणत्या यीस्टचा, हे विचारायलाच हवं.

‘वीस वर्षं करतोय, फरक कळतो मला.’ कळत असेलही. पण कोणता पेला कुठला हे ठाऊक असताना जीभ मनाचं ऐकते. म्हणून तीन पेले ठेवतात, दोन एकसारखे, एक वेगळा, आणि चाखणाऱ्याला वेगळा ओळखायला लावतात. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतं. त्यामुळे वीस जणांत सहा-सात बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. निदान अकरा तरी लागतात. आणि तेवढे आले नाहीत म्हणून दोन्ही बिअर सारख्याच, असंही म्हणता येत नाही.