छपरावर कोण राहायला येतं?

झुरिक शहराच्या वोलिसहोफेन भागात तळ्याचं पाणी गाळून शहराला पुरवणारा एक जुना प्रकल्प आहे. १९१४ साली बांधलेला. गाळणीच्या टाक्यांवर काँक्रीटची सपाट छपरं होती आणि ती तापली की खालचं पाणीही तापायचं. म्हणून आसपासच्या जमिनीवरची माती आणून छपरांवर १५-२० सेंटीमीटरचा थर पसरला. हेतू एवढाच, की पाणी थंड राहावं.

पुढच्या काही दशकांत शहर वाढलं, शेती बदलली, खतं आली आणि आसपासची जुनी गवताळ कुरणं गेली. छपरांवरची मातीच तेवढी कुणी हलवली नाही. तिथे नंतर वनस्पतींची मोजणी झाली तेव्हा १७५ प्रजाती निघाल्या, त्यात ऑर्किडच्या ९. खालच्या जमिनीवरून जे कुरण पुसलं गेलं, ते एका सरकारी इमारतीच्या डोक्यावर टिकून राहिलं होतं.

इमारत आणि जैवविविधता या विषयावर वाचायला सुरुवात करणाऱ्यांना मी आधी हे उदाहरण सांगते. एक तर ते 'बांधकाम म्हणजे निसर्गाचा शेवट' या आपल्या गृहीतकाला धक्का देतं. दुसरं म्हणजे, ते लगेच एक अवघड प्रश्न विचारतं. हे कुरण इमारतीमुळे वाचलं, की मातीमुळे? तीच इमारत, पण वर बाजारातलं तयार हलकं मिश्रण आणि एकाच जातीची रोपं असती, तर ९ ऑर्किड आली असती का?

याच प्रश्नावर बाझल शहरात बरीच वर्षं काम झालं. १९९०च्या दशकात तिथे सपाट छपरं हिरवी करायला अनुदान सुरू झालं. पैसा आला वीजबिलावरच्या अधिभारातून जमलेल्या निधीतून, म्हणजे मूळ उद्देश ऊर्जाबचत. छपरावर माती असली की उन्हाळ्यात खोली कमी तापते आणि हिवाळ्यात उष्णता कमी निसटते. पण हिरव्या छपराची तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे सगळीकडे सारख्याच जाडीचा पातळ थर आणि त्यावर सेडम. सेडम ही आपल्या पानफुटीच्या कुळातली, पानांत पाणी साठवणारी बुटकी वनस्पती. ती मरत नाही, देखभाल मागत नाही, फोटोत छान दिसते. स्टेफान ब्रेनआयझेन या संशोधकाने विचारलं, की छप्पर हिरवं झालं हे ठीक, पण तिथे राहतं कोण?

त्याने आणि सहकाऱ्यांनी कोळी आणि भुंगेरे मोजले. हेच दोन गट का घेतले असतील, याचा जरा विचार करा. आपण प्रपोजल लिहितो तेव्हा 'पक्षी आणि फुलपाखरं' हे हातासरशी लिहून टाकतो, कारण ती दिसतात आणि आवडतात. पण पक्षी छपरावर क्षणभर बसून उडून जातो. त्याची नोंद झाली म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. कोळी आणि जमिनीवरचे भुंगेरे मातीला बांधलेले असतात. मातीचा ओलावा, तिचा कण, तिच्यावरची सावली यांत जरा फरक पडला की तिथल्या प्रजातीही बदलतात. शिवाय युरोपात या गटांच्या ओळखीसाठी उत्तम पुस्तकं आणि दुर्मीळ प्रजातींच्या याद्या तयार आहेत. आपल्याकडे कोळ्यांची ओळख पटवायची तर तज्ज्ञाच्या दारात महिना महिना बसावं लागतं, हेही गट निवडताना लक्षात ठेवा.

१७ छपरांच्या पाहणीत पहिल्या तीन वर्षांत कोळ्यांच्या ७८ आणि भुंगेऱ्यांच्या २५४ प्रजाती सापडल्या. त्यांतले १८ टक्के कोळी आणि ११ टक्के भुंगेरे दुर्मीळ किंवा धोक्यातल्या यादीतले होते. पण माझ्या मते खरं महत्त्वाचं हे आकडे नाहीत. सगळी छपरं सारखी निघाली नाहीत, हे महत्त्वाचं. जिथे मातीची जाडी कमी-जास्त होती, कुठे उंचवटा, कुठे उघडी वाळू, कुठे गोटे, तिथे प्रजाती जास्त होत्या. थर उथळ असला की कडक उन्हात तो पुरता वाळतो आणि त्यातले जीव मरतात किंवा पळतात. शेजारीच जाड उंचवटा असेल तर ते तिथे खाली शिरतात आणि पाऊस आला की परत पसरतात.

हे निष्कर्ष पेपरात पडून राहिले नाहीत. बाझलने २००२ साली कायद्यात बदल करून सपाट छपरं हिरवी करणं सक्तीचं केलं आणि सोबत नियमही दिले. माती त्याच प्रदेशातली, बियाणं स्थानिक वनस्पतींचं, थर किमान १० सेंटीमीटर आणि मधे मधे ३० सेंटीमीटर उंचीचे, तीन मीटर रुंदीचे उंचवटे. एका भुंगेऱ्याची गरज बिल्डरच्या नकाशात सेंटीमीटरमध्ये उतरलेली अशी फार कमी ठिकाणी दिसते.

लंडनमधली गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. थिरथिरा हा पक्षी तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर, शेताच्या बांधावर शेपूट थरथरवत बसलेला असतो. याच प्रजातीचे युरोपातले पक्षी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्ये घरटी करू लागले. पडक्या भिंती, दगडविटांचे ढीग, त्यांत उगवलेलं रान आणि त्यातले किडे, एवढं त्यांना पुरलं. नंतर तसलं वातावरण उरलं ते बंद पडलेल्या कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या जागांवर. नव्वदच्या दशकात या जागा पुनर्विकासासाठी निघाल्या तेव्हा प्रश्न आला, की या पक्ष्याचं काय करायचं? डस्टी गेज या पक्षीप्रेमी कार्यकर्त्याने आणि इतरांनी बाझलचं काम पाहून तोडगा सुचवला: त्या जागेचाच राबिट, फुटक्या विटा आणि काँक्रीटचा चुरा छपरावर पसरा. लावायचं काहीच नाही, जे उगवेल ते उगवू द्यायचं. डेप्टफर्डमधल्या लाबान या नृत्यसंस्थेच्या इमारतीवर असं 'तपकिरी' छप्पर झालं. ही इमारत २००३ साली उघडली आणि गंमत म्हणजे तिचे वास्तुविशारद, हर्झोग आणि द म्यूरॉन, बाझलचेच.

लंडनच्या अशा छपरांवरच्या कीटकांचा आणि इतर अपृष्ठवंशीयांचा अभ्यास गोंगव्हेर कादास यांनी केला. सापडलेल्या प्रजातींतल्या किमान १० टक्के देशपातळीवर दुर्मीळ गणल्या गेलेल्या होत्या. म्हणजे हिरवळ नसलेलं, बघायला ओसाड वाटणारं छप्परही भरलेलं असू शकतं. 'हिरवं म्हणजे चांगलं' हे समीकरण इथेच सोडून द्या, तुमचा साहित्य-आढावा बराच स्वच्छ होईल.

आता या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला अभ्यास. नाथाली बाउमान यांनी स्वित्झर्लंडमधल्या हिरव्या छपरांवर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची निरीक्षणं केली. त्यात युरोपातली टिटवी होती. शेतजमिनीवरची तिची जागा आक्रसत गेल्यावर ती कारखान्यांच्या, गोदामांच्या सपाट छपरांवर अंडी घालू लागली. वर कोल्हा नाही, ट्रॅक्टर नाही. अंडी उबली, पिल्लं बाहेर आली. आणि पहिल्या हंगामांत ती काही दिवसांतच मेली.

कारण टिटवीच्या जीवनक्रमात आहे. तिची पिल्लं चिमणीसारखी घरट्यात बसून चोचीत घास घेत नाहीत. अंड्यातून बाहेर पडून अंग सुकलं की चालायला लागतात आणि स्वतःच किडे टिपतात. जमिनीवर आई त्यांना ओल्या, किड्यांनी भरलेल्या जागी घेऊन जाते. छपरावर पातळ थर, विरळ वनस्पती, पाणी नाही आणि चहूबाजूंनी कडा. नेणार कुठे? पुढे त्यातल्या काही छपरांवर वनस्पती दाट करण्याचे प्रयोग सुरू झाले.

पाहणी अंडी दिसेपर्यंतच झाली असती, तर अहवालात काय आलं असतं? 'छपरावर टिटवीचं यशस्वी प्रजनन.' मालकाने तो फोटो माहितीपत्रकात छापला असता. पक्ष्याला आकर्षित करणारी, पण त्याची वीण वाया घालवणारी जागा याला परिसरशास्त्रात 'सापळा' म्हणतात, आणि सापळा ओळखायला फक्त 'आहे/नाही' अशी नोंद पुरत नाही. घरटी किती, उबलेली अंडी किती, उडण्याच्या वयाला पोचलेली पिल्लं किती, हे तीनही आकडे लागतात. तिसरा मिळवायला रोज छपरावर जावं लागतं, आणि आपल्या फेलोशिपच्या वेळापत्रकात तोच आधी कापला जातो.

बाउमान यांचा हा पेपर छोटा आहे आणि ही प्राथमिक निरीक्षणं आहेत असं तो शीर्षकातच सांगतो. तरीही वाचा. २००६ साली 'अर्बन हॅबिटॅट्स' या नियतकालिकात तो आला. ब्रेनआयझेन आणि कादास यांचे पेपर त्याच वर्षी तिथेच आहेत, आणि जेरेमी लंडहोम यांचा 'अधिवासाचा साचा' मांडणारा लेखही. लंडहोम म्हणतात, की छप्पर हे बागेचं रूप समजू नका. निसर्गात त्याच्यासारखं काय आहे ते शोधा: उघडा कातळ, कडा, उथळ मातीचं पठार. तिथल्या जीवांना छपराची परिस्थिती परकी नसते.

आपल्याकडे हा साचा शोधायला लांब जायला नको. कोकणातले कातळसडे, कासचं पठार. जांभ्यावर बोटभर माती, चार महिने पाणी तुंबलेलं, उरलेले आठ महिने तवा तापल्यासारखा दगड. तरी पावसाळ्यात तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू हे सगळं उगवतं. आपल्या गच्चीची परिस्थिती सेडमच्या स्वित्झर्लंडपेक्षा सड्याच्या जास्त जवळ आहे. अर्थात याचा अर्थ 'कासची माती आणून गच्चीवर घाला' असा कुणी घेऊ नये. साचा घ्यायचा तो परिस्थितीचा: उताराचा, खोलीचा, पाणी थांबण्याच्या काळाचा. माती इमारतीच्या पायासाठी खणली जातेच, तीच वरचा थर वेगळा काढून जपली तर पुष्कळ झालं.

आणि अडचणी खऱ्या आहेत. १० सेंटीमीटर ओली माती म्हणजे दर चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे किलो वजन, म्हणजे स्लॅबचा हिशेब आधीच तसा करायला हवा. जुन्या बिल्डिंगच्या ब्रिकबॅट कोब्यावर नंतर ओतायची ही वस्तू नाही. गळती झाली तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये जैवविविधतेची बाजू घ्यायला कुणी उभं राहत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यात काम करायचं असेल तर आराखड्याबद्दल दोन गोष्टी. पहिली नमुन्याच्या एककाची. एका छपरावर पाच खड्डासापळे लावले (कप मातीत तोंडापर्यंत पुरून केलेले) म्हणून तुमचे नमुने पाच होत नाहीत, तो एकच नमुना आहे. छप्पर हेच एकक. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला नाव दिलं आणि तरी ती अजून छापून येते. दहा गच्च्यांची परवानगी मिळवणं हे सापळे लावण्यापेक्षा कठीण, हे मान्य. दुसरी गोष्ट तुलनेची. हिरव्या छपराची तुलना उघड्या स्लॅबशी केली तर हिरवं छप्पर नेहमीच जिंकणार. खरी तुलना बांधकामाआधी तिथे जे होतं त्याच्याशी, निदान शेजारच्या न बांधलेल्या जमिनीशी हवी.

ही तुलना आपल्याकडे का लागते ते पाहा. मोठ्या बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीत दर ८० चौरस मीटर जमिनीमागे किमान एक झाड लावण्याची अट असते. पुण्याच्या पूर्वेला जे माळरान आहे, सरकारी नोंदीत बहुतेकदा 'पडीक', तिथे मुळात झाडं विरळच. तिथले रहिवासी धाविक, चंडोल, खोकड, गवतातले टोळ. तिथे अट तंतोतंत पाळली, सगळी झाडं जगली, तरी माळरानाचे रहिवासी परत येणार नाहीत. कागदावर मात्र झाडांचा आकडा शून्यावरून दोनशेवर गेलेला दिसेल.

झुरिकमध्ये सोन्या ब्राकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ४० हिरवी छपरं आणि जमिनीवरच्या ४० जागा एकत्र अभ्यासल्या. मधमाश्या आणि सोंडे यांसारख्या लांब फिरणाऱ्या गटांत, कुठे कोण सापडेल हे मुख्यतः जागा एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत यावरून ठरत होतं. जमिनीवरचे भुंगेरे आणि कोळी यांच्या बाबतीत त्या जागेची स्वतःची परिस्थिती जास्त महत्त्वाची होती. बिल्डरला सल्ला द्यायचा तर इथून दोन वेगळे सल्ले निघतात: मधमाशीसाठी शेजारच्या चार सोसायट्यांशी बोला, भुंगेऱ्यासाठी स्वतःच्या मातीत लक्ष घाला.

आपल्याकडची टिटवीही सपाट, खडी पसरलेल्या गच्चीवर अंडी घालते, याच्या नोंदी आहेत. तिने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं गावाकडे म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात असं घरटं कुठे दिसलं तर अंड्यांचा फोटो काढून थांबू नका. पिल्लं कितव्या दिवसापर्यंत दिसली, काय टिपत होती, जवळ पाणी होतं का आणि खाली उतरायला वाट होती का, हे तारखेनिशी लिहून ठेवा.