रक्तातील दाह आणि हृदयाचे भवितव्य

हृदयविकार म्हटला की प्रथम कोलेस्टेरॉलचे नाव पुढे येते. परंतु कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेल्या काही रुग्णांनाही पुन्हा झटका येतो. त्याचे एक कारण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत दडलेले आहे.

हृदयाच्या रोहिण्यांच्या भिंतीत मेद साचू लागला की पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात, मेद गिळून फुगतात आणि तेथेच अडकून पडतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे मेदाच्या थरावरील आवरण कमकुवत होते. ते फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन रक्तप्रवाह थांबतो. हा धुमसता दाह रुग्णाला जाणवत नाही. रक्तात मात्र त्याच्या खुणा उमटतात.

त्यांपैकी सर्वाधिक वापरातील खूण म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात 'सीआरपी'. दाहाचा संदेश मिळताच यकृत हे प्रथिन तयार करते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील संशोधकांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम नोंदवले. हृदयरोगासाठी त्याची अतिसंवेदनशील चाचणी करतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास जास्त मानला जातो.

मग दाह कमी केल्यास झटका टळतो का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅन्टोस' चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेले व सीआरपी वाढलेले दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न घटवताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. गाउटवरील जुने, स्वस्त औषध कोल्चिसिन २०१९ व २०२० मधील चाचण्यांत उपयुक्त ठरले. २०२४ मधील मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर दिलेल्या या औषधाचा लाभ दिसला नाही.

सीआरपी दाह असल्याचे सांगते. तो कोठे आहे, हे सांगत नाही. ताप, हिरड्यांचा विकार किंवा संधिवातानेही ते वाढते. प्रमाण १० च्या वर गेल्यास बहुधा अन्य कारण असते. अशा वेळी प्रकृती सुधारल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते. त्यामुळे एका आकड्याने घाबरून जाऊ नये आणि कमी आकडा पाहून औषधे बंदही करू नयेत. तंबाखू सोडणे, वजन घटवणे, नियमित व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन औषधे यांनी हा दाह कमी होण्यास मदत होते.