आजोबांचं गाव कागदात सापडतं!

जनगणनेत नाव नाही, आडनाव ‘राव’मध्ये विरून गेलेलं आणि मूळ गाव कुणालाच आठवत नाही. बंगळुरूतल्या कित्येक मराठी घरांची ही कथा. तरीही हरवलेला धागा सापडू शकतो. फक्त कोणता कागद कुठे शोधायचा, हे ठाऊक हवं!

बंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकापासून थोड्याच अंतरावर आनंदराव सर्कल आहे. दिवसभर तिथे वाहनांची झुंबड असते. हे आनंदराव कोण, असं तिथल्या एखाद्या रिक्षावाल्याला विचारलं, तर तो बहुधा खांदे उडवील. पुस्तकांत मात्र उत्तर तयार आहे. टी. आनंदराव हे 1909 ते 1912 या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. त्यांचे वडील सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. घराणं तंजावरच्या मराठी परंपरेतलं.

याच शहरात 12 डिसेंबर 1950 रोजी एका पोलीस शिपायाच्या घरी मुलगा जन्मला. नाव ठेवलं शिवाजीराव गायकवाड. पुढे तो रजनीकांत झाला आणि या गायकवाडांचं मूळ गाव जेजुरीजवळचं मावडी कडेपठार, ही माहिती वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली.

दिवाणाची वंशावळ इतिहासकार लिहितो, सुपरस्टारची वार्ताहर. पण चिकपेठेतल्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्याची किंवा संस्थानच्या घोडदळात खोगीर कसणाऱ्याची वंशावळ कोण लिहिणार? ते काम त्याच्या नातवंडांनाच करावं लागतं.

पेटे की दंडू?

पहिला प्रश्न असा, की आपली माणसं इथे आली केव्हा? बंगळुरूत मराठी माणूस एकाच लाटेत आलेला नाही. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. 1687 मध्ये ते भोसल्यांच्या हातून गेलं, पण आलेली सगळीच माणसं काही परतली नाहीत. 1809 मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि फौजेमागोमाग शिपाई, कारकून, शिंपी, व्यापारी आले. विसाव्या शतकात रेल्वे आणि विमान कारखान्याने माणसं आणली.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. घर ‘पेटे’त होतं की ‘दंडू’त? पेटे म्हणजे जुनी बाजारपेठ. तिथला कारभार म्हैसूर सरकारचा. दंडू म्हणजे छावणी. 1881 पासून 1947 पर्यंत तिचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटकडे होता. शहर एक, पण सरकारं दोन! साहजिकच दप्तरंही दोन. पेटेतल्या माणसाचा माग कर्नाटक राज्य पुराभिलेखागारात काढायचा, तर दंडूतल्या माणसासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली रेसिडेन्सीची कागदपत्रं पाहायची. हे ठरवल्याशिवाय निघालात, तर चुकीच्या दारात उभं राहून महिनेच्या महिने वाया जातील.

जनगणना काय सांगते?

बहुतेकांना वाटतं, की जनगणनेत आजोबांचं नाव सापडेलच. इंग्लंडमध्ये ते खरंही आहे. तिथे शंभर वर्षांनी घरनिहाय नोंदी खुल्या होतात. 1921 च्या नोंदी 2022 मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडे मात्र प्रगणकांनी आणलेली माहिती चिठ्ठ्यांवर उतरवली जाई, चिठ्ठ्यांची वर्गवारी होई, आकडे जुळवले जात आणि काम संपलं की कच्चे कागद नष्ट केले जात. उरले ते छापील अहवाल. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत.

मग हे अहवाल निरुपयोगी का? मुळीच नाही! 1891 मध्ये बंगळुरू शहर आणि छावणी मिळून 1,80,366 माणसं होती. 1901 मध्ये ती 1,59,046 झाली. दहा वर्षांत एकवीस हजारांहून अधिक माणसं कमी! याचं मोठं कारण म्हणजे 1898 मध्ये शहरात शिरलेला प्लेग. अनेकांचा जीव गेला, अनेक जण घरदार सोडून पळाले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही नवी वसाहत-नगरं त्याच सुमारास आखली गेली. घरातली वंशावळ जर 1898 च्या आसपास अचानक तुटत असेल किंवा पत्ता बदलत असेल, तर कारण तिथेच असण्याचा संभव आहे. जनगणना नाव सांगत नाही, पण घरावर काय कोसळलं ते सांगते.

पदकाची कड

नाव सांगतात ते लष्कराचे कागद. 23 सप्टेंबर 1918 रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांनी हैफा शहर जिंकलं. या म्हैसूर लान्सर्सचं स्मारक बंगळुरूच्या जे. सी. नगर भागात आहे. मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियात लढले. कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल 1916 मध्ये तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कितीतरी जण कैदेतच संपले.

घरातल्या जुन्या ट्रंकेत किंवा देवघराच्या खणात एखादं पदक असेल, तर ते भिंगाखाली धरून त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शिपाई युद्धात कामी आला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव विनामूल्य शोधता येतं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला असतो. चार पिढ्यांनी विसरलेलं गाव असं एका ओळीत हाती लागू शकतं!

इथे एक सल मात्र आहे. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली, पण सामान्य हिंदी शिपायांची नावं न देता पलटणीमागे नुसती संख्या दिली गेली. अशा भेदभावाबद्दल या आयोगाने 2021 मध्ये जाहीर माफी मागितली.

शोधताना स्पेलिंगने फसू नका. इंग्रज कारकुनाने कानाला वाटलं तसं लिहिलं. पवारचा ‘पोवार’ होतो, मराठाचा ‘महरट्टा’. दक्षिणेत आडनाव गळून वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं आणि मागे ‘राव’ चिकटतो. तेव्हा आडनाव, गाव, वडिलांचं नाव अशा सगळ्या वाटांनी शोधायला हवं.

छापील ओळ

वर्तमानपत्र म्हणजे फक्त बातम्या नव्हेत. नेमणुका, बदल्या, परीक्षांचे निकाल, लग्नं, निधनवार्ता, देणगीदारांच्या याद्या यांत साध्या माणसांची नावं असतात. संस्थानी नोकरीतल्या माणसासाठी म्हैसूर गॅझेट चाळावं. महाराष्ट्राशी संबंध टिकून असेल, तर 1881 पासूनचा ‘केसरी’ आहेच. तारीख अंदाजाने माहीत असली, तरच हे काम आवाक्यात येतं. म्हणून आधी पेन्शनचं पुस्तक, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका यांवरून साल पक्कं करावं.

आणि एकदा गाव कळलं, की आपला स्वतःचा, घरचा मार्ग उघडतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या! तीर्थाला आलेल्या यजमानाची, त्याच्या बापआजाची, भावांची नावं त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आहेत. जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. मात्र उपाध्याय पहिल्यांदा विचारतात, ‘आडनाव काय? गाव कुठलं?’

आधी आजी, मग कागद

म्हणूनच शोधाची सुरुवात कचेरीत नव्हे, माजघरात होते. आजी रोज कोणत्या देवाचं नाव घेते? खंडोबा, तुळजाभवानी की जोतिबा? गाव विसरलं तरी कुलदैवत सहसा विसरलं जात नाही आणि ते मुलखाची दिशा दाखवतं. लग्नात देवक कशाचं ठेवतात? लहानपणी कुणाची पत्रं यायची, कुठून यायची? जुन्या फोटोतला पगडीवाला कोण? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत, फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं घालावीत.

पुराभिलेखागारातली फाईल आणखी दहा वर्षांनीही तिथेच सापडेल. आजीचं तसं नाही. तेव्हा हा अंक खाली ठेवाल, तेव्हा सरळ तिच्याजवळ जाऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा, ‘आजी, तुझ्या सासऱ्यांचं पूर्ण नाव काय गं?’