आत्मिक सामर्थ्य आणि सेवकाची भूक

‘आत्मिक सामर्थ्य’ हा शब्दप्रयोग आपल्या प्रार्थनांत इतक्या वारंवार येतो की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. उपवास-प्रार्थनेच्या सभेत, दीक्षाविधीत, आजाऱ्याच्या खाटेपाशी आपण ते मागतो. मागताना मनात बहुधा अशी कल्पना असते की, सामर्थ्य ही एक साठवण आहे. एखाद्या शिबिरात ती भरून घ्यावी व पुढे वर्षभर तिच्यावर चालवावे. शास्त्राच्या कसोटीस ही कल्पना उतरत नाही. इतकेच नव्हे, तर मंडळीच्या सेवकांची तिच्यामुळे जितकी हानी होते, तितकी उघड पापामुळेही क्वचितच होत असेल, असे माझे मत झाले आहे.

प्रथम इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय पाहू. शस्त्रसामग्रीच्या सुप्रसिद्ध वर्णनापूर्वी, दहाव्या वचनात, प्रेषित पौल बलवान होण्याची आज्ञा देतो. मूळ ग्रीक क्रियापद वर्तमानकाळी आज्ञार्थी आहे, आणि बहुतेक भाष्यकार ते कर्मणि अर्थाने घेतात. म्हणजे ‘आपले बळ कमवा’ असे तेथे सांगितलेले नसून, ‘बळ दिले जात आहे, ते घेत राहा’ असा भाव आहे. शिवाय ते क्रियापद अनेकवचनी आहे. आपण मात्र या उताऱ्यावर उपदेश करताना एकट्या शिपायाचे चित्र उभे करतो. पौल त्या वर्णनाचा शेवट कसा करतो, याकडे आपले दुर्लक्ष होते. सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना करा, असे सांगून तो लगेच ‘माझ्यासाठीही करा’ अशी विनंती जोडतो, आणि ती करणारा त्या वेळी बेड्यांत आहे. प्रेषिताला मंडळीजवळ बळ मागण्याचा संकोच वाटला नाही. आपणांपैकी किती जणांनी गेल्या वर्षात आपल्या मंडळीस स्वतःसाठी प्रार्थना करण्याची खरीखुरी विनंती केली आहे?

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील शब्द याहूनही बोलका आहे. ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्यावर राहावे म्हणून पौल अशक्तपणाचा अभिमान बाळगतो. तेथे ‘राहणे’ यासाठी योजलेल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी तंबू हा शब्द आहे. सामर्थ्य जणू दुर्बळ माणसावर तंबू ठोकून राहते. अरण्यातील इस्राएलाची आठवण येथे सहज होते. त्या तंबूंच्या वस्तीत मान्ना रोज वेचावा लागे आणि, शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडता, उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्नाला किडे पडत. साठवणीच्या कल्पनेला निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

ज्या सुरत शहरात मी सेवा करतो, तेथे या सत्याचा एक जुना दाखला आहे. कतारगाम रस्त्यावरील इंग्रजांच्या कबरस्थानात व्यापाऱ्यांच्या उंच समाध्या पाहण्यास आजही लोक येतात (परमेश्वराच्या राज्यात घुमटांची उंची मोजली जात नसावी, असे तेथे उभे राहिल्यावर वाटते). परंतु १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी या शहरात आले, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. त्यांनी भाषा शिकून घेतली, छापखाना चालविला, आणि १८२३ पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र गुजरातीत छापून निघाले. ते पूर्ण झालेले पाहणे स्किनर यांच्या नशिबी नव्हते. १८२१ मध्येच त्यांना मृत्यू आला. फायवी मागे राहून काम करीत राहिले. मंडळीत येणारांची संख्या मात्र अल्पच राहिली, आणि १८४० च्या दशकात हे कार्य आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या हाती गेले. आजच्या वार्षिक अहवालाच्या रकान्यांत ही तीन दशके बसविली, तर ती ‘निष्फळ’ ठरतील. तरीही ती माणसे रोज सकाळी त्याच वचनाकडे वळत राहिली. फळ दिसत नसता माणूस कशावर जगतो, हाच आत्मिक सामर्थ्याचा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील वाचकांस याचे अधिक परिचित उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये झालेली आत्मिक जागृती आपण सर्व जण आवर्जून सांगतो. तिची सुरुवात मुलींच्या नियमित प्रार्थनामेळाव्यांतून झाली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. आणि रमाबाईंनी सुमारे दीड तप चालविलेले भाषांतराचे काम तर जवळजवळ सांगितलेच जात नाही. सामान्य मराठी स्त्रीला समजावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही लेखणी खाली ठेवली गेली नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचा देहांत झाला आणि मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली ते शास्त्र बाहेर आले. जागृतीचे दिवस ओसरले. रोज एकेका वचनापाशी बसणे ओसरले नाही. रमाबाईंचे बळ शोधावयाचे तर मी दुसऱ्या ठिकाणी शोधीन.

आता स्वतःविषयी थोडे. दीक्षेनंतर काही वर्षांनी माझी अशी अवस्था झाली की, शास्त्र मी केवळ उपदेशाच्या तयारीसाठी उघडीत असे. उपदेश वाईट होत नव्हते. कदाचित पूर्वीपेक्षा बरेच होत होते, आणि म्हणूनच कोणाच्या काही ध्यानात आले नाही. घरोघरी पाव मोडून वाटणारा मनुष्य स्वतः उपाशी असावा, तसा तो काळ होता.

त्यातून मला सावरले ते आमच्या मंडळीतील एका यंत्रमाग कामगाराने. तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून सुरतेस आलेल्या हजारो मराठी कुटुंबांपैकी त्याचे एक. बारा तासांची पाळी, आठवड्यागणिक दिवसपाळीची रात्रपाळी, आणि रविवारची उपासना कित्येकदा हुकलेली. प्रार्थनेला वेळ कसा मिळतो, असे मी त्याला विचारले. (खरे म्हणजे मी उपदेश करण्याच्या बेतात होतो.) तो म्हणाला, “पाळकसाहेब, ताण्याचा धागा तुटला की तिथंच माग थांबवून गाठ मारायची असते. ताका पुरा होईपर्यंत थांबलं तर सगळ्या कापडात खोट राहते. मी दिवसभर गाठी मारतो, तेव्हाच देवाशीही बोलून घेतो.”

एलीयाचा वृत्तांत मी तेव्हा नव्याने वाचला. कर्मेलावरील अग्नीनंतर तो झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत त्याला प्रथम फटकारीत नाही, की उपदेशही करीत नाही. भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. थकलेल्या कॅटेकिस्टला अधिक प्रार्थना करण्यास सांगण्यापूर्वी तो रात्री किती तास झोपतो, हे आपण विचारावयास हवे. होरेबावरही परमेश्वर त्याला एकटा सोडीत नाही. अलीशाला सोबती म्हणून देतो, आणि सात हजार अद्याप शिल्लक आहेत, हे कळवितो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. सकाळी एक स्तोत्र वाचतो, ज्यावर त्या आठवड्यात उपदेश करावयाचा नसतो. आणि महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी, मंडळीतील दोन वडीलधाऱ्यांपुढे आपला अशक्तपणा नाव घेऊन सांगतो व त्यांना माझ्यासाठी प्रार्थना करावयास लावतो. त्या दोघांपैकी एक तोच माग चालविणारा आहे. रात्रपाळी असेल, त्या महिन्यात तो कामावर जाण्यापूर्वी डबा हातात घेऊनच येतो.