भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची निवड (२०२५)

भारताच्या पुरुष राष्ट्रीय फुटबॉल संघासाठी नव्या मुख्य प्रशिक्षकाची निवड अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये केली. या पदासाठी १७० अर्ज आले होते. त्यांतून निवडलेल्या अंतिम तीन नावांत स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा समावेश होता. त्यांनी यापूर्वी २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९ असे दोनदा हेच पद सांभाळले होते. खालिद जमील आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तार्कोविच हे अन्य दोन उमेदवार होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांची नियुक्ती झाली. माजी प्रशिक्षकाच्या पूर्वीच्या कामगिरीला नव्या निवडीत किती वजन द्यावे, हा क्रीडाक्षेत्रात वारंवार उद्भवणारा प्रश्न समजून घेण्यासाठी ही निवड उपयुक्त उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

कॉन्स्टंटाइन यांनी जानेवारी २०१९ मध्ये पद सोडल्यानंतर क्रोएशियाचे इगोर स्टिमाच प्रशिक्षक झाले. त्यांच्या कार्यकाळात भारताने २०२१ आणि २०२३ ची दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. मात्र जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषकात तिन्ही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. जून २०२४ मध्ये स्टिमाच यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्यांच्या जागी आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ हे त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने आठ सामने खेळले. त्यांपैकी एक जिंकला, चार बरोबरीत सोडविले आणि तीन गमावले. एकमेव विजय मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध मिळाला. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश हे संघ होते. शिलाँग येथे बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी आणि जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव, यांमुळे पहिल्या दोन सामन्यांतून भारताला एकच गुण मिळाला. गटातील केवळ पहिला संघ मुख्य स्पर्धेत जाणार असल्याने उरलेल्या चार सामन्यांत चुकीला वाव राहिला नाही. जुलै २०२५ च्या फिफा क्रमवारीत भारत १३३ व्या स्थानावर घसरला होता. त्याच महिन्याच्या आरंभी मार्केझ आणि महासंघ परस्परसंमतीने वेगळे झाले.

निवडप्रक्रिया

महासंघाने जाहिरात देऊन अर्ज मागविले. आलेल्या अर्जांची छाननी माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने केली. अंतिम निर्णयाचा अधिकार कार्यकारी समितीकडे होता. याच काळात पेप ग्वार्डिओला आणि झावी या जगप्रसिद्ध प्रशिक्षकांच्या नावाने आलेल्या ई-मेलची बरीच चर्चा झाली; ते अर्ज खरे नसल्याचे महासंघाने नंतर स्पष्ट केले.

कॉन्स्टंटाइन यांची उमेदवारी

स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा जन्म १९६२ मध्ये लंडन येथे झाला. त्यांची कारकीर्द प्रामुख्याने क्रमवारीत खाली असलेल्या राष्ट्रीय संघांबरोबर घडली. नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा आणि पाकिस्तान या देशांच्या संघांचे त्यांनी प्रशिक्षण केले.

पहिली कारकीर्द (२००२–०५): या काळात भारताने २००२ मध्ये व्हिएतनाममधील एलजी चषक जिंकला आणि २००३ मध्ये हैदराबाद येथील आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धेत रौप्यपदक मिळविले. फेब्रुवारी २००४ मध्ये मडगाव येथे विश्वचषक पात्रता सामन्यात सिंगापूरवर १-० असा विजय मिळाला. परंतु त्याच पात्रता फेरीत ओमानने कोची येथे ५-१ असे, तर जपानने सैतामा येथे ७-० असे भारताला हरविले. बरोबरीच्या संघांविरुद्ध झुंज आणि बलाढ्य संघांपुढे शरणागती, असे या कारकिर्दीचे दुहेरी चित्र होते.

दुसरी कारकीर्द (२०१५–१९): मार्च २०१५ मध्ये भारत क्रमवारीत १७३ व्या स्थानी होता. जून २०१५ मध्ये ग्वामसारख्या छोट्या बेटाच्या संघाकडून १-२ असा पराभव पत्करावा लागला. २०१८ च्या विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत भारताने आठपैकी सात सामने गमावले. पुढे मात्र सुधारणा दिसू लागली. जानेवारी २०१६ मध्ये तिरुवनंतपुरम येथे अफगाणिस्तानला हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईत अंधेरी येथे पोर्तो रिकोचा ४-१ असा पराभव झाला; मुंबईत १९५५ नंतर प्रथमच आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होत होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरु येथे मकावला ४-१ असे नमवून भारत २०१९ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. संदेश झिंगन यांच्यासारख्या तरुण खेळाडूंना राष्ट्रीय संघात प्रथम संधी याच काळात मिळाली.

आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरविले. पुढे संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२ असा पराभव झाला. बहारीनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती, तरी बाद फेरी गाठता आली असती. परंतु नियमित वेळ संपल्यानंतर मिळालेल्या पेनल्टीवर बहारीनने गोल केला आणि भारताचे आव्हान संपले. त्याच दिवशी कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला.

पूर्वकामगिरीचे मूल्यमापन

कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूने सर्वाधिक सांगितली जाणारी बाब म्हणजे क्रमवारीतील चढण. १७३ व्या स्थानावरील संघ जुलै २०१७ मध्ये ९६ व्या स्थानी पोहोचला. हा आकडा खरा असला, तरी त्याचा अर्थ लावताना क्रमवारीची तत्कालीन पद्धत लक्षात घ्यावी लागते. २०१८ च्या मध्यापर्यंत फिफा प्रत्येक सामन्याचे गुण काढून त्यांची सरासरी घेत असे. त्यामुळे सामने कोणाशी आणि किती खेळले, यावर स्थान बरेच अवलंबून राही. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या पद्धतीत सरासरीऐवजी प्रत्येक निकालानंतर गुणांची बेरीज वा वजाबाकी होते, आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या बळावर ठरते. म्हणून २०१७ चे ९६ वे आणि २०२५ चे १३३ वे स्थान एकाच मापाने मोजलेले नाही. क्रमवारीपेक्षा आशियाई चषकासाठीची पात्रता हा अधिक भक्कम पुरावा ठरतो. कारण ती मैदानावर, ठरावीक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळविलेली होती आणि २०२५ मध्ये नव्या प्रशिक्षकापुढे नेमके तेच काम होते.

या उमेदवारीची दुसरी जमेची बाजू म्हणजे परिचय. भारतीय फुटबॉलची रचना, लांबचे प्रवास, हवामान, क्लब आणि राष्ट्रीय संघ यांच्यातील खेळाडू सोडण्यावरून होणारी ओढाताण, हे सर्व त्यांना नव्याने शिकावे लागणार नव्हते. पुढचा पात्रता सामना ऑक्टोबरमध्ये असल्याने वेळेची ही बचत महत्त्वाची होती.

विरुद्ध बाजूचे मुद्देही तितकेच ठोस होते. त्यांच्या संघाची खेळपद्धती बचावावर आणि लांब पासांवर अधिक विसंबते, अशी टीका दुसऱ्या कारकिर्दीत होत असे. शिवाय त्यांचा परिचय २०१९ पर्यंतच्या पिढीशी अधिक होता. मधल्या काळात २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्यांनी ईस्ट बंगालचे प्रशिक्षकपद सांभाळले; तो संघ अकरा संघांत नवव्या स्थानी राहिला. पाकिस्तानच्या संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली कंबोडियाला १-० असे हरवून विश्वचषक पात्रतेतील आपला पहिला विजय नोंदविला. मात्र पुढील फेरीतील सहाही सामने गमावले. म्हणजेच दुर्बल संघाला एक पायरी वर नेण्याचे कौशल्य पुन्हा दिसले आणि त्याची मर्यादाही दिसली.

अन्य उमेदवार

तार्कोविच यांच्या मार्गदर्शनाखाली स्लोव्हाकियाने २०२० च्या युरो स्पर्धेत स्थान मिळविले होते. पुढे किर्गिझस्तानचे प्रशिक्षक म्हणून त्यांना आशियाई फुटबॉलचाही अनुभव मिळाला. भारतीय खेळाडू मात्र त्यांना नवे होते.

कुवेत येथे १९७७ मध्ये जन्मलेल्या जमील यांची जडणघडण मुंबईत झाली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्या संघांतून ते खेळले आणि २००९ पासून सात हंगाम मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ईशान्य भारतातील क्लबने हे विजेतेपद प्रथमच मिळविले होते. आदल्या हंगामात ऐझॉलवर खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आली होती, हे पाहता या यशाचे मोल अधिक ठरते. २०२४-२५ मध्ये त्यांच्या जमशेदपूर संघाने इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी आणि सुपर चषकाचा अंतिम सामना गाठला. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणाचा अनुभव मात्र तिघांत केवळ त्यांनाच नव्हता.

पूर्वीचे दाखले

माजी प्रशिक्षकाला पुन्हा बोलाविण्याची प्रथा भारताला नवी नाही. २०१५ मधील कॉन्स्टंटाइन यांची नेमणूक हीच फेरनियुक्ती होती. सय्यद नईमुद्दीन यांनीही हे पद एकाहून अधिक वेळा सांभाळले. परदेशांतील दाखले संमिश्र आहेत. २००६ मध्ये इटलीला विश्वविजेतेपद मिळवून देणारे मार्चेल्लो लिप्पी २००८ मध्ये परतले आणि २०१० च्या विश्वचषकात इटली गटातच गारद झाली. २००२ च्या विजेत्या ब्राझीलचे प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांनी परतल्यावर २०१३ चा कॉन्फेडरेशन्स चषक जिंकला. मात्र पुढच्याच वर्षी मायदेशातील विश्वचषकात जर्मनीकडून १-७ असा पराभव झाला. दोन्ही संघांत पहिल्या यशाच्या वेळचे खेळाडू आणि प्रतिस्पर्धी बदलले होते. प्रशिक्षक तेवढे तेच होते.

भारतीय प्रशिक्षक नेमण्याचा मागील प्रयत्न २०११-१२ मधील होता. गोव्याच्या डेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून देणारे आर्मांडो कोलासो २०११ मध्ये काही महिने या पदावर होते. त्यांच्यानंतर आलेले गोव्याचेच सावियो मेदेरा यांनी डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळविले. परंतु २०१२ च्या एएफसी चॅलेंज चषकात भारताने तिन्ही सामने गमावले आणि महासंघ पुन्हा परदेशी प्रशिक्षकाकडे वळला.

निर्णय आणि पुढील घडामोडी

कार्यकारी समितीने १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षकाकडे आले.

पहिल्याच परीक्षेत, म्हणजे मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकात, भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरविले आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरे स्थान मिळविले. आशियाई चषक पात्रतेत मात्र हे यश टिकले नाही. ९ ऑक्टोबरला सिंगापूर येथे १-१ अशी बरोबरी झाली आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला. त्याबरोबर भारताच्या आशा संपुष्टात आल्या. १८ नोव्हेंबरला ढाका येथे बांगलादेशाकडूनही ०-१ अशी हार पत्करावी लागली.

या निकालांवरून कॉन्स्टंटाइन यांची निवड योग्य ठरली असती, असा निष्कर्ष काढता येत नाही. जमील यांना संघ मिळाला, तेव्हा सहापैकी दोन सामने होऊन गेले होते आणि पदरात एकच गुण होता. स्टिमाच, मार्केझ आणि जमील या तिघांच्याही काळात गोल करण्यातील दुबळेपणा कायम राहिला. प्रशिक्षक बदलल्याने डावपेच आणि शिस्त यांत लवकर फरक पडू शकतो. गोल करणारे खेळाडू मात्र क्लब, अकादमी आणि वयोगटांच्या स्पर्धा यांतूनच तयार होतात. माजी प्रशिक्षकाची उमेदवारी तोलताना त्याने पूर्वी काय मिळविले याइतकेच, त्या वेळी त्याच्या हाती कोणते खेळाडू होते आणि आता कोणते आहेत, हेही पाहावे लागते.