दुसऱ्यांच्या संघांतून घडलेला श्रीरामपूरचा झहीर

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर हे उसाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. क्रिकेटच्या नकाशात ते महाराष्ट्र संघाच्या हद्दीत येते. मात्र याच गावात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेला आणि ९२ कसोटींत ३११ बळी घेणारा झहीर खान रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून एकदाही खेळला नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये तो आधी बडोद्याचा होता, नंतर मुंबईचा. इंग्लंडमध्ये सरे आणि वूस्टरशायर या काउंटींनी त्याला घेतले, तर आयपीएलमध्ये बंगळूर, मुंबई आणि दिल्ली या तीन संघांतून तो खेळला. घरचा म्हणावा असा संघ त्याला कधी लाभलाच नाही.

युरोपच्या फुटबॉलमध्ये अशा कारकिर्दीचे कोणाला नवल वाटत नाही. इटलीचा आघाडीपटू डारिओ ह्युब्नर खालच्या विभागांतील संघांतून खेळत, दर काही वर्षांनी शहर बदलत वर आला आणि २००१-०२ च्या हंगामात पियाचेन्झासारख्या छोट्या संघाकडून २४ गोल करून सर्वोच्च विभागाचा संयुक्त आघाडीवीर ठरला. तेव्हा त्याचे वय होते ३५. क्लबने मागणी करावी, खेळाडूने करार करावा, हंगाम संपला की बॅग भरावी, असा तो व्यवहार. आपल्याकडे खेळाडूचे नाव राज्याशी आणि देशाशी जोडले जाते. त्यामुळे ‘बाहेरचा व्यावसायिक’ ही ओळख थोडी कमीपणाचीच मानली गेली. झहीरच्या बाबतीत मात्र या ओळखीनेच दोन वेळा हात दिला.

पहिली वेळ बडोद्याची. श्रीरामपुरात शाळा शिकून, अभियांत्रिकीचे शिक्षण बाजूला ठेवून तो वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईत आला आणि माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये दाखल झाला. लाल मातीतली कसरत सोडली तर जलद गोलंदाजीचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्याला तोवर मिळालेले नव्हते. ते पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या नजरेखाली मिळाले. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणे मात्र कठीण होते. रणजी स्पर्धेत मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्याकडून खेळता येते. झहीरने हा मार्ग धरला आणि १९९९-२००० च्या हंगामात बडोद्याकडून प्रथमश्रेणी पदार्पण केले. पुढच्याच हंगामात बडोद्याने अंतिम सामन्यात रेल्वेला २१ धावांनी हरवून रणजी करंडक जिंकला. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात झहीरने पाच गडी बाद केले होते. तोवर तो भारतीय संघात पोहोचलेलाही होता. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत एकदिवसीय आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कसोटी पदार्पण झाले.

त्यानंतरची पाच वर्षे चढउताराची गेली. वेग होता, यॉर्कर होता. पण दुखापती पाठ सोडत नव्हत्या आणि सातत्य नव्हते. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि सात षटकांत एकही बळी न मिळता ६७ धावा मोजाव्या लागल्या. २००६ च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर तर भारतीय संघातील जागाच गेली. इरफान पठाण, श्रीशांत, मुनाफ पटेल, आर. पी. सिंग अशी नवी फळी उभी राहिली होती आणि सत्ताविशी ओलांडलेल्या, शरीर साथ न देणाऱ्या गोलंदाजाची वाट फारसे कोणी पाहत नव्हते.

त्या उन्हाळ्यात वूस्टरशायरने त्याला परदेशी व्यावसायिक म्हणून घेतले. काउंटीतला परदेशी खेळाडू म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे येथे आवश्यक आहे. तो पाहुणा नसतो. काउंटीला मोजक्याच परदेशी खेळाडूंना खेळविता येते, त्यामुळे त्या जागेसाठी मोजलेला पैसा वसूल व्हावा अशी अपेक्षा असते. चार दिवसांचा सामना संपला की मोटारीने पुढच्या गावी, मधल्या दिवशी मर्यादित षटकांचा सामना, पुन्हा चार दिवस मैदानावर. संघनायक चेंडू हाती देतो तो नव्या चेंडूसाठीही आणि संध्याकाळी खेळपट्टी निर्जीव झाल्यावरही. राष्ट्रीय संघात वाईट दिवस गेला की वर्तमानपत्रे हिशेब मागतात. काउंटीत वाईट दिवसाची चर्चा करायलाही सवड नसते, दुसऱ्या दिवशी सकाळी गोलंदाजी करायची असते.

या रगाड्यात झहीर बदलला. रन-अप आखूड झाला, चेंडू टाकण्यापूर्वीची ती उंच उडी कमी झाली, शरीरावरचा ताण उतरला. वेग किंचित घटला. त्या बदल्यात दिशा आणि टप्पा हाती आला. इंग्लंडमधील ड्यूक्स चेंडूची शिवण बराच वेळ उठून राहते, त्यामुळे मनगट सरळ ठेवून तिच्यावर चेंडू टाकणाऱ्याला षटकामागून षटके काहीतरी मिळत राहते. डावखुऱ्या फलंदाजांना यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन गोलंदाजी करण्याची त्याची पद्धतही पक्की झाली. सॉमरसेटविरुद्ध काउंटी पदार्पणातच सामन्यात दहा बळी. जूनमध्ये चेल्म्सफर्डला इसेक्सचे पहिले नऊही गडी त्यानेच टिपले. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिसच्या हातून डॅरेन गॉफचा झेल सुटला. हंगामअखेर खात्यावर ७८ प्रथमश्रेणी बळी होते आणि वूस्टरशायर दुसऱ्या विभागातून पहिल्या विभागात गेले होते.

लोकांच्या स्मरणात राहिले ते त्यानंतरचे यश. २००६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर तो भारतीय संघात परतला. आता तो बडोदा सोडून मुंबईकडे आला होता आणि फेब्रुवारी २००७ मध्ये बंगालविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात नऊ बळी घेऊन त्याने मुंबईच्या विजयाला हातभार लावला. एकेकाळी जिथे जागा नव्हती, त्याच संघात तो आता मुख्य गोलंदाज होता. त्याच वर्षी जुलैमध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत इंग्लंडच्या क्षेत्ररक्षकांनी खेळपट्टीवर टाकलेल्या जेली बीन्समुळे तो संतापला, हे सर्वांना आठवते. सामन्यातील त्याच्या नऊ बळींचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. ही कसोटी जिंकून भारताने २१ वर्षांनंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. चेंडू तोच ड्यूक्स होता आणि हवामानही वर्षभरापूर्वी ओळखीचे झालेलेच होते.

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकून सहाच धावा दिल्या. स्पर्धेतील त्याचे २१ बळी शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक ठरले. २००३ च्या त्या षटकाचा हिशेब अनेकांनी तेव्हा चुकता झाला असे मानले. पण मधला काळ वगळून ही जोडी लावणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात, आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणेचा मार्गही पाहण्यासारखा आहे. तो डोंबिवलीत वाढला, मुंबईकडून खेळला, २०१९ मध्ये हॅम्पशायरच्या पदार्पणात शतक झळकावून आला आणि २०२४ मध्ये लेस्टरशायरकडे गेला. राष्ट्रीय संघातील जागा डळमळली की काउंटीचा आधार घेण्याचा हा शिरस्ता त्याच्या पिढीत रुळला होता. जिल्ह्यातल्या मुलाला मात्र आजही आधी गाव सोडावे लागते.

झहीरची अखेरची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने त्या सामन्यात त्रिशतक ठोकले आणि न्यूझीलंडने दुसऱ्या डावात ८ बाद ६८० धावांचा डोंगर रचला. पस्तिशी ओलांडलेल्या झहीरने त्या एका डावात ५१ षटके टाकली, १७० धावांत पाच बळी घेतले आणि ३०२ धावांवर मॅकलमला धोनीकडे झेल द्यायला लावला.